ऐकून लावलेले कॉमा

सोमवार, ४ तारीख

काकांचा हुकूम आहे, रोज वहीत लिहायचं. "तू बोलतेस तेव्हा तुझं एक वाक्य धड शेवटाला जात नाही. मधेच कुठेतरी उतरतेस आणि चालायला लागतेस. निदान कागदावर तरी एखादं वाक्य घरी पोचव."

तर पोचवते. मी सध्या मावशीकडे राहते. काका म्हणजे मावशीचे यजमान. याआधी मी बंदरावरच्या एका खानावळीत कामाला होते, त्याआधी एका फोटोवाल्याबरोबर गावोगाव हिंडले (त्याच्याकडे घुबड होतं, खरंखुरं, पण ते राहू दे), त्याआधी शाळेत, तीही अर्धीच. पायाला भिंगरी, म्हणून मावशी मला भिंगरीच म्हणते. खरं नाव कोणी घेतलं तर मीच मागे वळून बघते, कोणाला हाक मारली म्हणून.

काका छापखान्यात प्रूफरीडर आहेत. पुस्तक छापण्याआधी कच्ची पानं निघतात, त्यातल्या चुका ते शोधतात. इंग्रजी पुस्तकं सगळी त्यांच्याच मेजावर. त्यांना वाचून दाखवणारा माणूस नोकरी सोडून गेला, म्हणून उद्यापासून मी. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, कळण्यापुरतं नाही. तसं सांगितलं काकांना. ते म्हणाले, "ज्याला कळतं तो मनाचं वाचतो. मला न कळणाराच बरा."

हे कौतुक होतं की काय, अजून ठरलेलं नाही.

बुधवार, ६ तारीख

छापखाना म्हणजे खाली यंत्रं आणि वर आम्ही. यंत्र सुरू झालं की जिना थरथरतो, मेज थरथरतं, कपातल्या चहावर गोल गोल रेघा उमटतात. मी त्या बघत बसले आणि पहिलीच बोलणी खाल्ली. खाली बाइंडरमामा असतात, पुस्तकं शिवणारे. हाताला कायम खळ. मला म्हणाले, "काकांच्या हाताखाली टिकलीस तर तुलाही शिवून ठेवतो, म्हणजे पळायला नको."

दुपारी धाकटे मालक वर आले. मोठे मालक आता येत नाहीत, कारभार मुलाकडे. बोलायला अगदी साखर.

"काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे पुस्तक एका मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलेलं, शाळांमध्ये जाणार. आणि पुस्तक कशावर? इंग्रजी लिहिताना कॉमा कुठे द्यायचा यावर. त्यातच कॉमा चुकला तर लोक आपल्याला उभं सोलतील. हल्ली हेच काम संगणक करून देतो. बाबा म्हणाले, काकांना एक संधी दे. म्हणून हे पुस्तक जुन्या पद्धतीनं होऊ दे. स्वच्छ निघालं तर तुमची खुर्ची आहे तिथेच राहील. नाही निघालं..."

"स्वच्छ निघेल," काका म्हणाले.

धाकटे मालक गेले. काका दाराकडे तोंड करून तसेच ताठ बसलेले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गेला का?"

"कधीच की!"

"मग सांगायचं नाही?"

भीती वाटत असणार त्यांना. खुर्ची म्हणजे साधी लाकडी आहे, एक पाय डुगडुगतो. पण मावशी सांगते, लग्नाआधीपासून ते तिथेच बसतात.

कामाची रीत अशी. खरं तर एकानं लेखिकेची मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची, असं बाइंडरमामा सांगत होते. काकांची रीत उलटी. मूळ प्रत कपाटात. मी प्रूफच वाचते, आणि प्रत्येक खूण तोंडानं म्हणते. "द शॉप सेल्स पेपर कॉमा पेन्सिल्स कॉमा ॲन्ड स्ट्रिंग फुलस्टॉप." काका डोळे मिटून ऐकतात. कुठे अडलं की सांगतात, आणि लाल पेनानं खूण करायची ती मी. म्हटलं, पेन तुम्हीच धरा ना. तर म्हणाले, "तुझा हात बसू दे."

पहिल्याच आठवड्यात लाल पेन हातात! किती मोठं मन.

शुक्रवार, ८ तारीख

कॉमा म्हणजे काय मजेशीर प्रकरण आहे! मला वाटायचं, दम लागला की द्यायचा. काका म्हणाले, "मग धावणाऱ्या माणसाचं पत्र नुसतं कॉमांचं असेल."

आज शिकले ते लिहून ठेवते. वस्तूंची रांग असली की मध्ये मध्ये कॉमा. वाक्याच्या आधी प्रस्तावना असली, 'पाऊस थांबल्यावर' वगैरे, तर तिच्यानंतर कॉमा, मग मूळ वाक्य. मधेच एखादी जादा माहिती घुसडली तर तिच्या दोन्ही बाजूंना. "पुढचं दार लावलंस आणि मागचं उघडं टाकलंस असं नाही चालणार," काका म्हणाले. आणि दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं बांधायची नाहीत. तेवढं वजन त्याला झेपत नाही, मध्ये 'ॲन्ड' किंवा 'बट' पाहिजे, नाहीतर सरळ फुलस्टॉप.

"हे तुम्हाला नुसतं ऐकून कळतं?"

"वाक्य चालतं तेव्हा पाय वाजतात त्याचे."

आणि एक. पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव असतं, ते दर पानावर वाचायचं नाही. मी इमानदारीत दर वेळी वाचत होते. काका वैतागले. "तेच तेच पुन्हा आलं की सोड. पुढे चल." हे मला फारच आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला सोड म्हणालं.

काकांचा चष्मा इतका मळलेला, मेजावर होता म्हणून मी डोळ्याला लावून बघितला तर धुकं. पुसू का विचारलं तर खेकसले. म्हाताऱ्या माणसांच्या लकबी. सही करतानाही तसंच. "कुठे करू, तिथे बोट ठेव," म्हणतात, आणि माझ्या बोटाला खेटून सही. सही मात्र झोकदार.

मंगळवार, १२ तारीख

आज पहिल्या धड्याचा शेवट आला. मी वाचायला लागणार तेवढ्यात समोरच्या इमारतीवर एक माणूस शिडी लावून चढला. दुकानाची जुनी पाटी काढायला. पाटी एका बाजूनं सुटली आणि लोंबकळायला लागली, खाली माणसं, सगळे ओरडतायत. मी उठून खिडकीशी. काका म्हणाले, "झालं का तुझं? वाच!" मी घाईघाईनं जिथे बोट पडलं तिथून सुरू केलं.

आणि काय सांगू, त्या शेवटच्या पानावर बाईंनी अक्षरशः माती खाल्लेली! एका वाक्यात एक कॉमा नाही. धडाभर शहाणपणा शिकवला आणि शेवटी रांगेतल्या वस्तूसुद्धा मोकळ्या सोडल्या. काका खुर्चीत पुढे सरकले. "थांब. आफ्टरच्या वाक्यात रेननंतर दे. दिला? आता पुढच्यात ब्रदरच्या दोन्ही बाजूंना." मी देत गेले. पान लालेलाल.

"मुख्याध्यापिका म्हणे!" काका हात चोळत म्हणाले. "धडा लिहिला जागेपणी आणि शेवट केला पेंगत. बरं झालं. बघू दे आता धाकट्याला, संगणकाला हे सापडलं असतं का ते."

इतके खूश मी त्यांना पहिल्यांदा बघितले. जेवतानाही खुशीत. मावशी नेहमीप्रमाणे वाढता वाढता बोलत होती, "भात समोर आहे हो, भाजी उजवीकडे, वाटी गरम आहे." मावशीला बोलायची हौसच फार. ताटात काय आहे ते काय दिसत नाही का माणसाला?

शनिवार, १६ तारीख

प्रत्येक धड्याच्या शेवटी बाईंची तीच घसरगुंडी. एक करडी पट्टी, तिच्यात एक ओळ, आणि खाली बिनकॉमाची वाक्यं. करड्या पट्टीतली ओळ दर धड्याला तीच असते. एकदा डोळ्यांखालून गेली की पुन्हा काय वाचायची? मी सोडते आणि पुढे चालते. काका मागे राहणाऱ्यातले नाहीत. दोघांनी मिळून आज तीन धडे झाडून साफ केले.

मला एकदा वाटलं, मूळ प्रत काढून बघावी, बाईंनी खरंच असं लिहिलंय का. काका म्हणाले, "कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय देव जाणे. आणि माझ्या कानावर विश्वास नाही का तुझा?"

आहे की.

बाइंडरमामांनी एक गोष्ट सांगितली ती लिहायची राहिली. ते म्हणाले, काका हल्ली जिन्यावर समोरासमोर आले तरी बोलत नाहीत, मामांनी हाक मारली की मग एकदम, "अरे, तू होय!" मामांना वाटतं मोठेपणा चढलाय. मी म्हटलं, डोक्यात सतत कॉमा असतात हो त्यांच्या.

गुरुवार, २१ तारीख

पुस्तक संपलं. शेवटच्या पानावर माझ्या बोटाशेजारी काकांची सही. खाली छपाई सुरू झाली. काका खुर्चीच्या हातावर थोपटत म्हणाले, "राहिली म्हणायची." मग मलाच म्हणाले, "तूही राहा हो भिंगरे. तुझा आवाज स्वच्छ आहे."

मला कधी कोणी राहा म्हटलेलं नाही. जा म्हणायच्या आधीच मी निघते म्हणून असेल.

सोमवार, २५ तारीख

वही दोनदा मिटून ठेवली. तरी लिहिते.

सकाळी धाकट्या मालकांनी दोघांना खाली बोलावलं. त्यांच्या मेजावर नव्या पुस्तकाची सुटी पानं. आवाज चढवला नाही त्यांनी, हेच जास्त वाईट.

"मुख्याध्यापिकाबाईंचा फोन होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. काका, हे पान बघा."

काकांनी पान हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. "वाच गं," मला म्हणाले.

"ती नाही. तुम्ही बघा. मनातल्या मनात वाचा आणि मला सांगा, काय बिघडलंय."

काका पानाकडे तोंड करून उभे. यंत्र बंद होतं.

"एकही कॉमा चुकलेला नाही," शेवटी काका म्हणाले. "माझी खात्री आहे."

"माझीही आहे. तेच तर बिघडलंय! वर पट्टीत काय लिहिलंय?"

मी वाकून बघितलं. पट्टी काकांच्या अंगठ्याखाली होती. अर्धी दिसत होती तेवढी मी वाचली, आणि पहिल्यांदाच नीट वाचली. पुट कॉमाज. कॉमा द्या. खालच्या वाक्यांत योग्य जागी कॉमा द्या.

तो मुलांचा अभ्यास होता. बाईंनी मुद्दाम मोकळी सोडलेली वाक्यं. आणि आम्ही पुस्तकभर सगळी सोडवून ठेवली.

"आता पोरांनी काय करायचं?" धाकटे मालक म्हणाले. "टाळ्या वाजवायच्या?"

मी काकांकडे बघितलं. अंगठा अजून पट्टीवरच. आणि डोळे पानावर नव्हते, पानाच्या पलीकडे भिंतीवर कुठेतरी. पट्टी आपल्या अंगठ्याखाली आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

काकांना दिसत नाही.

एवढं वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत आले. वाक्य आहे तिथेच आहे.

तिथे मात्र मी विचार केला नाही. तोंडच उघडलं. "मी केलं. काकांना न विचारता. मला वाटलं बाई विसरल्या, म्हणून माझ्या मनानं कॉमा घातले."

"आणि काकांची सही?"

"आधीच घेऊन ठेवली होती."

काकांचे ओठ हलले. मला वाटलं आता ते म्हणतील, नाही, पोरगी खोटं बोलतेय. ते काहीच म्हणाले नाहीत. पान मेजावर ठेवायला गेले, ते मेजाच्या कडेवरून खाली पडलं. मी उचललं.

"तू उद्यापासून येऊ नकोस," धाकटे मालक मला म्हणाले. "काका, ही बिघडलेली पानं मी पुन्हा छापणार, हरकत नाही. तुमच्यावरचा विश्वास अजून गेलेला नाही माझा. ही गॅसच्या शेगडीची पुस्तिका घ्या. गुरुवारपर्यंत द्या. पण एकट्यानं."

घरी मावशीनं मला धू धू धुतलं. "दिवसभर खिडकीबाहेर बघत बसली असशील! माणसानं आयुष्यभर मिळवलेलं नाव, तू चार दिवसांत मातीत घातलंस!" काका तिथेच बसून जेवत होते. सगळं ऐकलं आणि घास गिळत राहिले.

मला वाटलं होतं निदान डोक्यावर हात ठेवतील. वाईट वाटलं. नाही, राग आला. दोन्ही.

मंगळवार, २६ तारीख

बोचकं बांधून निघाले. मावशी बाजारात गेली होती, निरोप घ्यायचा प्रश्न नव्हता. बंदराकडे जाणारी गाडी मिळाली असती.

थांब्याकडे जाताना चौकात रस्त्यापलीकडे काका दिसले. छापखान्यात निघालेले. फुटपाथच्या कडेला उभे, पिशवी छातीशी. वाहनं थांबली, रस्ता मोकळा झाला, तरी काका उभेच. मग पुन्हा वाहनं. पुन्हा मोकळा. मला कळेना, वाट कोणाची बघतायत. मग दोन बायका बोलत बोलत आल्या आणि रस्ता ओलांडायला निघाल्या, तेव्हा काकाही त्यांच्या मागून निघाले. पण बायका मधेच हसून मागे फिरल्या, काहीतरी विसरलं असेल. काका रस्त्याच्या मधोमध. एकटे. वाहनं सुटली.

मी कधी पळाले मला आठवत नाही. त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. हात धरला नाही, बोलले नाही. भोंगे वाजत होते. वाट मिळाली तशी मी चालायला लागले, चपला मुद्दाम वाजवत, आणि काका माझ्या चपलांबरोबर चालत आले. कडेला पोचल्यावर माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत म्हणाले, "हळू चाललात, बरं झालं. उपकार झाले."

मला अहोजाहो केलं.

बोचकं घेऊन घरी आले. मावशीनं विचारलं, हे काय? म्हटलं, धुणं.

गुरुवार, २८ तारीख

काका भर दुपारी घरी आले. दार लोटलं, पिशवीतून शेगडीची पुस्तिका काढली. छापखान्यातली पानं घरी न्यायची नाहीत हा त्यांचाच नियम, मला पहिल्या दिवशी दरडावून सांगितलेला.

"पटकन वाच. दोनच पानं आहेत. संध्याकाळी द्यायचीत."

म्हणजे त्यांना माहीत होतं, मला माहीत आहे ते. एवढंच आमचं त्यावर बोलणं.

मी वाचायला घेतलं. यावेळी सगळं वाचलं, डोक्यावरचं नाव, पानाचा आकडा, सगळं. मग पहिलं वाक्य. गॅसचा वास येत असेल तर शेगडी पेटवू नका. इंग्रजीत होतं, पण मला पूर्ण कळलं. वाचता वाचता मी थांबले. 'नॉट' हा एवढासा शब्द. मी हाच गाळला असता तर?

"थांबलीस का?"

"काका, मी नाही वाचणार."

"कॉमाबिमा राहू दे, नुसतं वाच. मी ऐकतो."

"आज नीट वाचेन. उद्या खिडकीबाहेर शिडी दिसली की? मी काय सोडलं ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आणि खाली सही तुमची."

"मी चुका पकडतो, भिंगरे."

"वाचलेल्या पकडता. न वाचलेल्या कशा पकडाल?"

ते एकदम लाल झाले. "म्हणजे खुर्ची सोडू म्हणतेस? तुला काय जातंय! आज इथे, उद्या तिथे. माणसाला जगात एक जागा लागते हे तुला काय कळणार?"

लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "परवा चौकात तुम्हाला रस्ता ओलांडून दिला ती मी होते."

काका पुस्तिकेची पानं नुसती चाचपत राहिले.

तेवढ्यात मावशी दार ढकलून आत. "काय खुसुरफुसुर चाललीय? मला काय आंधळी समजता दोघं?"

शब्द तोंडातून गेला आणि ती स्वतःच दचकली. कोणी हसलं नाही. मग तिनं पदर कमरेला खोचला, म्हणजे आता माघार नाही.

"बरं, बोलून टाकते. यांच्या ताटात वाढताना भात कुठे, भाजी कुठे, हे मी ओरडून ओरडून सांगते, ते काय मला बोलायची हौस आहे म्हणून?"

काका म्हणाले, "मग कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मग काका सांगायला लागले, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या वडिलांची नजर अशीच गेली होती. आधी कडा गेल्या, मग मधलं. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर सांगणार, तसंच आहे म्हणून. "न विचारता जेवढे दिवस जातील तेवढे आपले, असं वाटलं. मग वाचणारा माणूस होता, मग तू आलीस. जमत होतं की."

"जमत नव्हतं," मावशी म्हणाली. "पोरीनं तुमची चूक अंगावर घेतली आणि तुम्ही जेवत बसलात. आणि मी मेली तिलाच बोलले."

काका उठले. पुस्तिका पिशवीत घातली. दाराची चौकट हातानं शोधली, आमच्यासमोर, पहिल्यांदा. आणि गेले. कुठे, ते सांगितलं नाही. मावशी म्हणाली, जाऊ नकोस मागे. मी गेले नाही. गाठ बांधल्यासारखी बसून राहिले, मी!

शुक्रवार, २९ तारीख

काल काका आले तेव्हा आम्ही दोघी उंबऱ्यातच होतो. त्यांनी चप्पल काढली, बसले, पाणी मागितलं.

"सांगितलं त्याला. सगळं. पोरगी खोटं बोलली तेही."

"मग?" मावशी.

"त्यानं एकच विचारलं, काका, दिसेनासं झाल्यापासून कुठल्या कुठल्या पुस्तकांवर सही केलीत? म्हटलं, लिहून घे. एकेक नाव सांगितलं." काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "चांगली पुस्तकं होती गं. आता ती सगळी दुसरं कोणी तपासणार. काही निघालं तर माझ्या नावानं निघणार."

"आणि खुर्ची?"

"गेली. त्यानं काढून घेतली नाही. मीच म्हटलं, उद्यापासून दुसरा बसव."

मावशीनं डोळ्यांना पदर लावला. काका म्हणाले, "शेगडीची पुस्तिका तशीच परत दिली. सही न करता. आयुष्यात पहिल्यांदा कोरी परत दिली."

कॉमांचं पुस्तक मात्र धाकट्या मालकांनी आम्हालाच पुन्हा करायला सांगितलंय, एवढं एकच. मी वाचायचं, काकांनी ऐकायचं, आणि तिसरा माणूस मूळ प्रत घेऊन डोळ्यांनी बघणार. माझ्याबद्दल म्हणाले म्हणे, "तिला पट्टीसुद्धा वाचायला सांगा." बाइंडरमामांना कळलं तेव्हा ते जिन्यात उभे राहून रडले. मोठेपणा चढला म्हणून ते वर्षभर काकांशी धड बोलले नव्हते.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाहीय. मी नाही म्हटलं म्हणून त्यांची खुर्ची गेली, हे कितीही फिरवून लिहिलं तरी तसंच राहतं. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, तेही लिहायला घेतलं आणि खोडलं.

सोमवार, २ तारीख

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काका, मावशी, मी. दारातून निघताना काकांनी हात पुढे केला, हवेत, कोणाच्या तरी दंडाची वाट बघत. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. मग मी माझा दंड दिला. छापखान्यावरूनच वाट होती. मला वाटलं तिथे हात काढून घेतील. नाही काढला. मी एका पोपटवाल्याकडे बघत होते, काकांचा पाय खड्ड्यात गेला, आणि भर रस्त्यात मला बोलणी बसली. लोक बघत होते. काकांना चालत होतं.

आत नर्सनं त्यांना खुर्चीवर बसवलं. समोर भिंतीवर तो अक्षरांचा फळा. तिनं एक डोळा झाकला आणि म्हणाली, "वरचं अक्षर सांगा."

त्या फळ्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर कुठलं असतं ते जगाला पाठ आहे. काकांना तर पुढच्या दोन ओळीही येत असतील. इतकी वर्षं अक्षरांत घालवलेला माणूस, ठोकून दिलं असतं तर नर्सला काय कळणार होतं! मावशीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

काकांनी तोंड उघडलं. मिटलं. फळ्याकडे बघत राहिले, म्हणजे फळ्याच्या बाजूला.

"बाई," ते म्हणाले, "पांढरं काहीतरी आहे समोर. अक्षर नाही दिसत मला."

"बरं," नर्स म्हणाली, आणि एक पाऊल जवळ येऊन म्हणाली, "मग खुर्ची थोडी पुढे घेऊ."